तनछोई ते संगणक : सुरतेच्या साडीवरील नक्षी कुणाची?

सुरत म्हटले की मराठी माणसाला इ. स. १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. शाळेच्या इतिहासात सुरतेची हकिगत तेथेच संपते. त्यापुढची सुरत खरे तर आपल्या घरातच असते, पण तिची दखल आपण घेत नाही. आईच्या नाहीतर काकूच्या कपाटातील घड्या काढून पाहा. इस्त्री न लागणारी, धुऊन दांडीवर टाकली की बघता बघता वाळणारी, लग्नाच्या आहेरात हमखास येणारी जी साडी असते, ती बहुतेक तापीच्या काठची असते. कृत्रिम धाग्याच्या कापडात सुरतेला भारतात तोड नाही. तेथे काही लाख यंत्रमाग चालतात, पांडेसरा आणि सचिन येथील कारखान्यांत कापड रंगते व छापले जाते, आणि रिंग रोडवरील बाजारांतून ते गठ्ठ्यांनी देशभर जाते.

या साडीवर जो मोर नाचतो, जी वेल पदरावर चढते, ती काढतो कोण? हा प्रश्न गेल्या दिवाळीपर्यंत मला कधी पडला नव्हता. वास्तविक पडायला हवा होता, कारण आमचे घराणेच विणकरांचे. आजोबा बेळगावच्या वडगावात हातमागावर बसत. माझी थोरली आत्या आणि आतोबा मात्र १९७६ साली गाव सोडून सुरतेजवळच्या उधन्याला गेले. खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची तेथे मोठी वस्ती आहे. जळगावकडून येणारी तापी लाइन उधन्यालाच मुख्य मार्गाला मिळते. त्या वस्तीत ही दोघे आपल्या बेळगावी हेलासकट मिसळून गेली. आतोबा माग चालवीत नसत. ते ‘ग्राफवाले’. नक्षीचा कागद करून देणे हा त्यांचा धंदा. आज तोच धंदा आतेभाऊ करतो, पण कागदाशिवाय.

दिवाळीच्या सुटीत उधन्यास जाण्याचा योग आला, तेव्हा आतेभावाने मला एक गंमत दाखवली. संगणकासमोर बसून त्याने इंग्रजीत दोन ओळी टाइप केल्या : पैठणीचा पदर, चार मोर, कमळवेल, जांभळी भूमी, सोनेरी जर. मिनिटभरात पडद्यावर चार वेगवेगळे पदर उभे राहिले. मी थक्क झालो. आतोबा मागे उभे होते. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि म्हणाले, “ह्या मोराला तीन पाय आहेत रे.” मग बोट पडद्यावर टेकवून पुढे म्हणाले, “आणि हे पोट बघ. सगळं पिवळंच्या पिवळं. एवढा धागा सुटा राहिला तर पहिल्याच दिवशी बांगडीत अडकंल.”

“ते मी नीट करतोच की, अण्णा,” आतेभाऊ म्हणाला.

तीन पाय माझ्याही डोळ्यांना दिसले असते, जरा उशिरा. पण सुटा धागा मला दिसला नसता, आणि तो यंत्रालाही दिसला नव्हता. तो काय प्रकार आहे हे कळायला आधी आतोबांचा कागद समजून घेतला पाहिजे.

चौकटींचा कागद

कापडात उभे धागे असतात तो ताणा, आडवे असतात तो बाणा. बाण्याचा प्रत्येक धागा जाताना ताण्याचे काही धागे वर उचललेले असतात आणि काही खाली राहिलेले असतात. कोणते वर आणि कोणते खाली, एवढ्या एका निवडीवर सगळी नक्षी उभी असते. ग्राफच्या कागदावरील एक चौकट म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची गाठभेट. चौकट रंगवली तर धागा वर, कोरी ठेवली तर खाली. आतोबा आधी साध्या कागदावर मोर काढीत, मग तो चौकटींत उतरवीत. वळणदार मान चौकटींच्या पायऱ्यापायऱ्यांनी चढवायची आणि तरी ती वळणदार दिसली पाहिजे, हे खरे कसब. एका मोठ्या पदराला आठ-पंधरा दिवस सहज लागत.

आता सुट्या धाग्याकडे येऊ. एखाद्या जागी पिवळा बाणाच दिसावा असे वाटत असेल, तर तेथे तो पुष्कळ उभ्या धाग्यांवरून सलग न्यावा लागतो. चित्रात तो पिवळ्या रंगाचा एक सुबक ठिगळा दिसतो. कापडात मात्र तो कुठेही न बांधलेला लोंबता धागा असतो. म्हणून कारागीर त्या ठिगळ्यात अधूनमधून बारीक बांधणीचे ठिपके टाकतो, तेही असे की मोराच्या पोटावर ते पिसांसारखे वाटावेत. हे चित्रकलेच्या पुस्तकात लिहिलेले नसते. ते कापड उलटे करून पाहणाऱ्याला कळते. अस्सल पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कारण तिच्यात प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच फिरवून शेजारच्या धाग्यात गुंतवलेला असतो. यंत्रमागावरच्या ‘सेमी पैठणी’ची उलटी बाजू पाहिली की सुटे धागे दिसतात. आमच्याकडच्या इरकल साडीचेही तसेच. तिचा ‘टोपी तेनी’ पदर वेगळ्या ताण्यावर विणून ‘कोंडी’ पद्धतीने, धाग्यात धागा अडकवून, अंगाच्या ताण्याला जोडतात. नकलेत तांबडा-पांढरा पदर हुबेहूब येतो, कोंडी येत नाही.

चौकट रंगवलेली की कोरी, धागा वर की खाली : संगणक शिकवणारे आमचे सहकारी ज्याला शून्य आणि एक म्हणतात ते हेच. विणकर संगणकाच्या फार आधीपासून या भाषेत लिहीत आला आहे, आणि याचा सर्वांत जुना पुरावा चीनमध्ये सापडतो. २०१२-१३ मध्ये चेंगडू शहराजवळच्या लाओगुआनशान येथील हान काळातील थडग्यांत मागाच्या चार प्रतिकृती मिळाल्या. त्या इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील असून नक्षी विणणाऱ्या मागांच्या आहेत. पुढच्या काळात चिनी मागावर एक मनोरा आला. त्यावर मदतनीस बसे आणि विणकराच्या हुकमाप्रमाणे दोऱ्यांचे झुपके ओढी. कोणत्या वेळी कोणती दोरी, हे सारे आधीच दोऱ्यांच्या गुंफणीत ‘लिहून’ ठेवलेले असे. सुंग यिंगशिंग या ग्रंथकाराने १६३७ साली या मागाचे वर्णन चित्रासह छापले. बनारसचे नक्शेबंदही अशीच नक्षी धाग्यांत बांधून ठेवीत. कागद नाही, शाई नाही, आठवण दोऱ्यात.

तीन भाऊ आणि एक गुरू

येथे सुरतेचा चीनशी संबंध येतो. एकोणिसाव्या शतकात सुरतेचे तीन पारशी भाऊ चीनला गेले आणि छोय नावाच्या उस्तादाकडे रेशमी विणकाम शिकून परतले, अशी आख्यायिका आहे. गुजरातीत तीन म्हणजे त्रण. म्हणून त्यांच्या कापडाचे नाव ‘तनछोई’ पडले. काही जण सर जमशेटजी जिजीभाईंनी त्यांना पाठवले असेही सांगतात. तपशिलात फरक असतील, पण नाव मात्र टिकले आहे. तनछोईचे वैशिष्ट्य असे की साटिनच्या गुळगुळीत भूमीवर जादा रंगीत बाणा खेळवायचा आणि तो मागच्या बाजूला लोंबू न देता कापडातच बांधून टाकायचा. म्हणजे आतोबांनी पडद्यावर ज्या धाग्याला बोट लावले, त्याचाच हा बंदोबस्त. पुढे हे विणकाम सुरतेतून ओसरले आणि बनारसने ते उचलले. आज तनछोई मागितली तर दुकानदार बनारसी दाखवतो.

मला या कथेतील एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शिकणारे किती होते आणि शिकवणारा कोण होता, हे कापडाच्या नावातच राहिले. ही गोष्ट मनात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

इकडे युरोपात १८०४ साली लियाँ येथे जोझेफ मारी जॅकार्ड याने मनोऱ्यावरच्या मदतनिसाला रजा दिली. पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडायची. भोक असेल तेथे आकडा धागा उचलणार, नसेल तेथे नाही. बाण्याच्या प्रत्येक धाग्याला एक पत्ता. पदराची नक्षी दोन हजार आडव्या धाग्यांत पुरी होत असेल, तर पत्तेही दोन हजार, दोरीने ओवून साखळी केलेले. १८३९ मध्ये जॅकार्डचेच एक रेशमी चित्र विणले गेले. त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती. आपल्या गणिती यंत्राला हुकूम देण्यासाठी त्याने याच पत्त्यांची योजना केली, आणि एडा लव्हलेस हिने १८४३ मध्ये त्या यंत्राची तुलना फुले-पाने विणणाऱ्या मागाशी केली. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हॉलरिथने भोकांच्या पत्त्यांवर माणसे मोजली. तेव्हा संगणक सुरतेच्या मागावर आला असे म्हणण्यापेक्षा तो माहेरी आला असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

आतोबा उधन्यास गेले तेव्हा पत्त्यांचे राज्य होते. ग्राफ त्यांनी करायचा, भोके पंचिंगवाल्याने पाडायची. १९८३ साली बोनस या ब्रिटिश कंपनीने विद्युत जॅकार्ड बाजारात आणला. पत्ते गेले, त्यांच्या जागी चुंबक आणि फाइल आली. आपल्याकडे हे यायला वेळ लागला, पण आज आतेभाऊ २६८८ आकड्यांच्या जॅकार्डची नक्षी खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये घालून खात्यावर नेतो. पंचिंगचा धंदा बसला. पत्ते ओवणाऱ्या बायका होत्या, त्यांचेही काम गेले, त्या पुढे काय करू लागल्या हे मी आतोबांना विचारले, तर ते म्हणाले, “साडीला टिकल्या लावायला लागल्या.” मग अनेक डोक्यांची चिनी भरतकाम यंत्रे आली आणि टिकल्याही यंत्र लावू लागले.

छापील साडीची गोष्ट निराळी आहे, पण शेवट तोच. पूर्वी दर रंगाला एक जाळी लागे. आठ रंग म्हणजे आठ जाळ्या, म्हणून चित्रकार रंग जपून वापरी. आता डिजिटल छपाईत जाळीच नाही. पॉलिस्टरसाठी चित्र आधी कागदावर छापतात आणि सुमारे २०० अंश उष्णतेत दाबून कापडावर उतरवतात. रंग हजार असले तरी यंत्राला फरक पडत नाही, आणि शंभर मीटरांसाठीही नवे चित्र परवडते. म्हणजे चित्रांची भूक एकदम वाढली. ज्या बाजारात हंगामाला वीस चित्रे पुरत तेथे रोज वीस लागू लागली. नेमक्या याच वेळी चित्रे काढणारे यंत्र आले.

यंत्र कुणाकडून शिकले?

हे यंत्र चित्र ‘शोधून’ काढीत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. पुष्कळांचा तसा समज असतो. त्याची तालीम अशी : एक चित्र घ्यायचे, त्यावर थोडी थोडी धूळ उडवीत ते पार ठिपक्यांत विरवून टाकायचे, आणि यंत्राला शिकवायचे की ही धूळ उलट्या क्रमाने कशी झाडावी. चित्रासोबत त्याचे वर्णनही दिलेले असते. हे अब्जावधी वेळा केले की यंत्राला ‘मोर’ या शब्दाबरोबर कोणत्या रेषा, कोणते रंग येतात याचा अंदाज बसतो. मग नुसते विस्कटलेले ठिपके आणि ‘मोर’ हा शब्द दिला, तरी ते धूळ झाडत झाडत पूर्वी कधीही नसलेला मोर काढते. आपण भिंतीवरच्या ओलीत चेहरे पाहतो, तसेच काहीसे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्युजन हे यंत्र सर्वांना खुले झाले. ते ज्या संग्रहाच्या भागावर शिकले त्या संपूर्ण संग्रहात ५८५ कोटी चित्रे आणि त्यांची वर्णने होती, सगळी जगभरच्या संकेतस्थळांवरून उचललेली. साड्या विकणारे आपल्या मालाची छायाचित्रे जगभर टाकतात, तेव्हा त्या ढिगात साड्याही असणारच, आणि साड्यांवर कुणा ना कुणा ग्राफवाल्याचे मोरही.

यंत्राने मोर पाहिले ते छायाचित्रांत, कापडाच्या सुलट्या बाजूने. म्हणून त्याला रंग कळतो, झोक कळतो. धागा कळत नाही. चौकट कोणती वर आणि कोणती खाली हे त्याला कुणी सांगितलेले नाही. छपाईसाठी नक्षीच्या चारही कडा एकमेकींना जुळाव्या लागतात, नाहीतर थानावर दर हातभर अंतराने फट दिसते. तेही पुष्कळदा हातानेच जुळवावे लागते. विणाईसाठी तर आतेभाऊ यंत्राचे चित्र समोर ठेवून रंग पाच-सहावर आणतो, कडा सरळ करतो, बांधणी टाकतो. पंधरा दिवसांचे काम दोन दिवसांवर आले. तो म्हणतो, हे दोन दिवसही किती वर्षे राहतील सांगता येत नाही. मोबदलाही त्या मानाने उतरला आहे, कारण गिऱ्हाईक म्हणते, “चित्र तर यंत्रानेच काढले.”

चिनी चित्रकार काय करतात?

ज्या देशातून सुरतेला तनछोई आली आणि आज यंत्रे येतात, तेथील चित्रकारांनी या यंत्रयुगाकडे कसे पाहिले हे पाहण्यासारखे आहे. त्यांना साडी विकायची नसते. त्यामुळे जे प्रश्न आतेभावाला विचारायला सवड नाही, ते विचारण्याची चैन त्यांना परवडते.

शू बिंग (जन्म १९५५) यांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. १९८७ ते १९९१ या काळात त्यांनी सुमारे चार हजार चिनी अक्षरे लाकडात हाताने कोरली आणि त्यांची पोथी छापली. पण त्यातील एकही अक्षर खरे नव्हते! वाचणारा चिनी पंडितही अडाणी ठरावा अशी ती योजना. गंमत अशी की चित्रे काढणारी सुरुवातीची संगणकयंत्रे फलकावर अक्षरे लिहीत, ती अगदी अशीच असत : चिनी म्हणा, देवनागरी म्हणा, दिसायला लिपी, वाचायला काहीच नाही. शू बिंग यांनी जे चार वर्षे घाम गाळून केले, ते यंत्राकडून अजाणता होत होते. २०१७ मध्ये याच कलावंताने ‘ड्रॅगनफ्लाय आइज’ हा ८१ मिनिटांचा चित्रपट केला. त्यात नट नाहीत, छायाचित्रकार नाही. रस्त्यांवरच्या, दुकानांतल्या, गोठ्यांतल्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांनी टिपलेले हजारो तासांचे तुकडे जमवून, त्यांतून एक प्रेमकथा त्यांनी जुळवली. त्यात दिसणाऱ्या माणसांना आपण एखाद्या कथेत आहोत याचा पत्ता नव्हता. शू बिंग यांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, त्यांनी व त्यांच्या मंडळींनी त्या जागा शोधून काढून शक्य तितक्या माणसांना गाठले आणि त्यांची संमती मागितली. ५८५ कोटी चित्रांच्या बाबतीत असे कुणी केले नाही.

त्साओ फेई (जन्म १९७८, ग्वांगझू) या चित्रकर्तीने २००६ साली फोशान येथील दिव्यांच्या कारखान्यात राहून ‘हूज यूटोपिया’ ही चित्रफीत केली. बल्ब तयार करणारी मुलगी यंत्रांच्या रांगेत बॅले नाचते, एक कामगार गिटार वाजवतो, आणि यंत्रे आपल्या लयीत चालूच असतात. २००८ मध्ये तिने संगणकातील आभासी जगात एक अख्खे चिनी शहर वसवले. २०१८ च्या ‘एशिया वन’मध्ये एका स्वयंचलित गोदामात दोनच माणसे उरली आहेत. मला वाटते, उधन्याच्या मागावरील मुलांना तिची २००६ ची फीत समीक्षकांपेक्षा लवकर कळेल.

सुन युआन आणि पेंग यू या जोडीने २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयासाठी कारखान्यातला एक यांत्रिक हात काचेच्या खोलीत ठेवला. रक्तासारखा दाट द्रव पसरत राहतो आणि तो हात फाळक्याने तो परत परत आत ओढत राहतो. त्याला ३२ हालचाली शिकवलेल्या होत्या. २०१९ मध्ये तो व्हेनिसलाही दाखवला गेला. लोक त्याच्याकडे पाहून हळहळले, जणू तो थकला आहे. यंत्राबद्दल हळहळणाऱ्या त्या गर्दीबद्दल काय म्हणावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. लू यांग हा तरुण कलावंत स्वतःच्याच चेहऱ्याची संगणकी प्रतिमा करून तिला नर्तकांच्या टिपलेल्या हालचालींवर नाचवतो. त्याचा येथे उल्लेखच करतो.

या सर्वांत समान काय? यंत्रात जे साठवले आहे ते कुणाचे आहे, याकडे त्यांचे बोट आहे. पहाऱ्याच्या फितीतला माणूस, बल्ब करणारी मुलगी, नर्तक : यंत्राच्या पोटात माणूस आहे, एवढे ते विसरू देत नाहीत. आपल्याकडे हा प्रश्न संग्रहालयात नव्हे, रिंग रोडवर उभा आहे.

कायदा काय म्हणतो?

चीनमध्ये तो न्यायालयातही गेला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने स्टेबल डिफ्युजनने काढलेल्या एका तरुणीच्या चित्राबाबत निकाल दिला की, शब्द निवडणाऱ्या, बदल करून पाहणाऱ्या माणसाची बुद्धी त्यात आहे, म्हणून चित्राचा हक्क त्याचा. भरपाई ५०० युआन. पुढे झांगजियागांग येथील न्यायालयाने फुलपाखराच्या आकाराच्या खुर्च्यांच्या यंत्रनिर्मित चित्रांना असा हक्क नाकारला, कारण तेवढे श्रम दिसले नाहीत. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून यंत्रनिर्मित चित्रावर तसा शिक्का असलाच पाहिजे असा नियम तेथे लागू झाला आहे.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक ओळ आली : संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण होण्यास जो कारण झाला तो. ती ओळ घालताना आजची यंत्रे कुणाच्या स्वप्नात नव्हती. पण सुरतेच्या दृष्टीने त्याच कायद्याचे १५ वे कलम अधिक कळीचे आहे. जी नक्षी डिझाइन म्हणून नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, ती औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त नगांवर उतरली की तिचा कॉपीराइट संपतो. यंत्रमागाच्या खात्यात पन्नास साड्या म्हणजे काय! नोंदणी केली तर २००० सालच्या डिझाइन कायद्याने दहा वर्षे आणि वर पाच वर्षे संरक्षण मिळते. पण एका हंगामापुरत्या जगणाऱ्या नक्षीची नोंदणी करायला कोण जातो? भौगोलिक निर्देशांकाने पैठणी आणि इरकल ही नावे राखली गेली, मोर राखला गेला नाही. हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा १९८५ चा कायदाही आहे; तो माग पाहतो, नक्षी काढणारा हात पाहत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, नाहीतर लेख एकतर्फी होईल. नक्कल सुरतेला यंत्राने शिकवलेली नाही. आतोबांनी स्वतः येवल्याच्या पैठण्या समोर ठेवून ग्राफ केले आहेत, इरकलचे काठ केले आहेत, आणि त्या साड्या आमच्याच बेळगावच्या बाजारात येऊन वडगावच्या मागांवर बसल्या आहेत. आजोबा हयात असताना यावरून जावई-सासऱ्यांत दोन वर्षे बोलणे बंद होते. आत्या हे हसत सांगते. तेव्हा ते हसण्यासारखे नव्हते. ग्राफवाला नक्कल करी तेव्हा निदान त्याला मोर चौकटीचौकटीने नव्याने घडवावा लागे आणि त्यात त्याचा हात उतरे. येवल्याच्या विणकराला त्याने काही दिले नाही हे खरेच.

आता आतेभावाच्या मनात एक बेत आहे. आतोबांची लोखंडी ट्रंक भरून ग्राफचे कागद आहेत. ते सारे स्कॅन करून एक छोटे यंत्र केवळ त्यांच्याच हाताच्या वळणावर तयार करता येते, असे त्याचे म्हणणे. तसे तंत्र आज उपलब्ध आहे. चौकटींचे कागद पाहून शिकलेल्या यंत्राला कदाचित सुटा धागाही कळेल. आतोबांनी नाही म्हटले नाही. त्यांनी ट्रंक काढली. कागदांच्या कोपऱ्यात व्यापाऱ्याचा नंबर होता, आकड्यांची संख्या होती. ग्राफ करणाराचे नाव एकाही कागदावर नव्हते, कारण तशी पद्धतच नव्हती. दुपारी चहा झाल्यावर ते पेन्सिल घेऊन बसले आणि एकेका कागदाच्या मागे आपले नाव आणि आठवेल ते साल घालू लागले. दहा-बारा कागद झाले असतील, तेव्हा आतेभावाने सांगितले की, अण्णा, मागची बाजू स्कॅनमध्ये येत नाही, पुढे लिहा. आतोबांनी झालेले कागद उलटे केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.